नाव एक, चवी अनेक

उडुप्याच्या हॉटेलात कॉफी पांचट निघाली, तर मराठी मध्यमवर्गीय गृहस्थ गप्प बसत नाही. ‘अण्णा, आज डिकॉक्शन पातळ झालंय,’ असे तो गल्ल्यावरच्या मालकाला भर गिऱ्हाइकांत सुनावतो आणि मालकही मुकाट्याने दुसरा पेला पाठवून देतो. परंतु हाच गृहस्थ मुलाबाळांसह एखाद्या मॉलमधील कॉफीच्या साखळी दुकानात जातो, तेव्हा त्याचे वागणे पार बदलते. तेथे अडीचशे रुपयांचा कॅपुचिनो कोमट आला, वरचा फेस साबणाच्या पाण्यासारखा विरून गेला किंवा पहिल्याच घोटाला जळकट कडवटपणा जिभेवर आला, तरी तो तक्रार करीत नाही. साखरेची आणखी एक पुडी कपात रिकामी करतो आणि ‘ही कॉफी अशीच असते’ अशी मनाची समजूत घालतो. पुढच्या आठवड्यात त्याच नावाच्या दुसऱ्या दुकानात तीच कॉफी उत्तम निघते. मग ‘अशीच’ म्हणजे नेमकी कशी, हा प्रश्न त्याला पडायला हवा. तो पडत नाही, हीच खरी चिंतेची बाब आहे.

एका कॉफीच्या कपावरून इतका काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. कॉफी ही काही जीवनावश्यक वस्तू नव्हे. ती बरी झाली नाही म्हणून कोणाचा संसार मोडत नाही. हे सारे खरे असले, तरी या कपाच्या निमित्ताने तीन गोष्टींचा विचार करणे आवश्यक ठरते. पैसे घेऊन दिलेले वचन पाळले जाते की नाही, ही पहिली. हातातील कसब काढून घेऊन तेथे यंत्र आणि कागद बसवले की काय घडते, ही दुसरी. आणि आपल्याच जिभेवरचा आपला विश्वास आपण कोणाच्या पायाशी वाहिला, ही तिसरी.

साखळीने दिलेले वचन

साखळी दुकान ग्राहकाला काय विकते, हे आधी स्पष्ट करून घेतले पाहिजे. ते केवळ कॉफी विकत नाही. भाजलेल्या चांगल्या कॉफीचा दर किलोला हजार रुपये धरला, तरी एका कपासाठी लागणाऱ्या १८ ग्रॅम पुडीचे मूल्य १८ रुपयेच होते. त्यात दूध, साखर, वीज आणि मजुरी मिळवली, तरी २५० रुपयांचा आकडा गाठताना दमछाक होते. उरलेली रक्कम जागेच्या भाड्याची, गार हवेची, मऊ खुर्चीची आणि मुख्यतः नावाची असते. नावाचा अर्थ इतकाच, की चर्चगेटला जी चव मिळाली तीच नागपूरला मिळेल आणि सोमवारी जी मिळाली तीच शनिवारी मिळेल. परक्या गावात अनोळखी हॉटेलची परीक्षा पाहण्याचा धोका ग्राहकाला पत्करावा लागू नये, यासाठी तो हे जादा पैसे मोजतो.

म्हणूनच रस्त्यावरच्या टपरीवर चहा एखाद्या दिवशी बिघडला, तर तो गुन्हा ठरत नाही. टपरीवाल्याने सातत्याची हमी दिलेली नसते आणि तिचे पैसेही घेतलेले नसतात. साखळीने मात्र हमीचेच पैसे घेतलेले असतात. तिच्या दोन दुकानांत दोन चवी निघाल्या, तर तिने जे विकले तेच दिले नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मग सजावट कितीही देखणी असो.

भारतात हा व्यवसाय आता चांगलाच मुरला आहे. बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर १९९६ साली व्ही. जी. सिद्धार्थ यांनी ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान उघडले. २००० साली दिल्लीत ‘बरिस्ता’ सुरू झाले. ‘स्टारबक्स’ ही अमेरिकन कंपनी टाटा समूहाशी भागीदारी करून ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला अवतरली. कॅनडाची ‘टिम हॉर्टन्स’ २०२२ साली आली, तर इंग्लंडची ‘प्रेट अ मॉंजे’ २०२३ साली वांद्रे-कुर्ला संकुलात दाखल झाली. बर्गरच्या साखळ्यांनीही आपल्या दुकानांत कॉफीचे कोपरे थाटले. पाट्या वाढल्या, शहरे वाढली. मात्र पाट्यांच्या संख्येबरोबर चवीचे सातत्यही वाढले, असे म्हणता येत नाही.

सहा दिवस, सहा कप

ही तक्रार चोखंदळ जिभेचा लाडिकपणा आहे, असे समजण्याचे कारण नाही. तिचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी निरनिराळ्या दुकानांतील कॉफीमध्ये कॅफिन किती असते, याचा अभ्यास करून तो २००३ साली प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ‘स्टारबक्स’च्या एकाच दुकानातून, एकाच नावाची कॉफी, एकाच मापाच्या पेल्यात, सलग सहा दिवस विकत घेतली. पेला साधारण पावणेपाचशे मिलिलिटरचा होता. या सहा पेल्यांत सर्वांत कमी कॅफिन भरले २५९ मिलिग्रॅम आणि सर्वांत जास्त ५६४ मिलिग्रॅम. दुकान, नाव, माप आणि किंमत एकच असताना उत्तेजक द्रव्य मात्र दुपटीहून अधिक!

निरोगी प्रौढाने दिवसाला सुमारे ४०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅफिन घ्यावे, असे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सांगते. गर्भवती स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा अनेक वैद्यकीय संस्था सुचवतात. म्हणजे त्या सहा पेल्यांपैकी किमान एक पेला दिवसाचा संपूर्ण कोटा ओलांडून पुढे गेला होता आणि पिणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. हा अभ्यास दोन दशकांपूर्वीचा आणि परदेशातील आहे. परंतु जगातील सर्वांत नावाजलेल्या साखळीला, तिच्या मायभूमीत, एका छपराखाली सहा दिवस जे साधले नाही, ते शेकडो दुकानांत आपोआप साधते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

एका कपामागचा खटाटोप

चव बदलते ती का? कॉफी हे शेतमालापासून होणारे पेय आहे, हे याचे पहिले उत्तर. त्याच मळ्यातील अरेबिकाचे बी पाऊसमानाप्रमाणे दरवर्षी थोडे वेगळे उतरते. रोबस्टा जातीत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते आणि तिची चव अधिक राकट असते. दोहोंच्या मिश्रणाचे प्रमाण थोडे हलले, तरी कप बदलतो. भाजल्यानंतर बी काही आठवड्यांतच शिळे होऊ लागते आणि दळल्यावर त्याचा सुगंध पाहता पाहता उडून जातो.

पुढचा भाग दुकानात घडतो. एस्प्रेसो करताना सुमारे ९० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी हवेच्या दाबाच्या नऊपट जोराने दाबलेल्या पुडीतून जाते आणि २५ ते ३० सेकंदांत अर्क उतरतो. पूड जाड दळली गेली की पाणी घाईने निसटते आणि अर्क आंबट व पाणचट होतो. ती बारीक झाली की पाणी अडते आणि अर्क कडवट होतो. पावसाळ्यातील दमट हवेत पूड ओल धरते, तेव्हा सकाळी बसवलेला ग्राइंडर दुपारी पुन्हा बसवावा लागतो. मुंबईला तलावांचे मृदू पाणी मिळते, तर उपनगरांपलीकडील वसाहतींना आणि पुण्याच्या विस्तारलेल्या भागांना कित्येकदा टँकरच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यावर भागवावे लागते. पाण्यातील क्षार चव तर बदलतातच, शिवाय यंत्राच्या नळ्यांत साचून त्याचे तापमानही बिघडवतात.

दुधाची कथा निराळी नाही. टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश असतो, तर फुल क्रीम दुधात सहा टक्के. पिशवी बदलली की फेसही बदलतो. वाफेची नळी दुधात क्षणभर अधिक राहिली आणि ते ७० अंशांच्या पुढे गेले, की त्याला उकळल्याचा वास येऊ लागतो. नळी प्रत्येक वेळी पुसली गेली नाही, तर मागच्या कपातील दुधाची करपट पुढच्या कपात उतरते. बर्गरच्या दुकानांत बहुधा आधीच गाळून ठेवलेली कॉफी असते. ती ठराविक वेळाने ओतून टाकावी, असा नियम कागदावर असतो. पण मंदीच्या दुपारी भरलेले भांडे ओतून देण्याचे धैर्य महिन्याच्या खर्चाचा हिशेब द्यावा लागणाऱ्या व्यवस्थापकाला होत नाही.

या साऱ्याचे तात्पर्य असे, की प्रत्येक कपामागे दहा-बारा छोटे निर्णय असतात. ते निर्णय घेणारा माणूस जाणता असेल, तर बी बदलो, हवा बदलो, पाणी बदलो, तो चव सांभाळून घेतो. तो जाणता नसेल, तर लाखो रुपयांचे यंत्रही त्याला वाचवू शकत नाही.

साडेतीन तासांची शाळा

ही गोष्ट साखळ्यांच्या धुरीणांना ठाऊक नाही असे नाही. ‘स्टारबक्स’चे हॉवर्ड शुल्ट्झ यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांना एक टिपण धाडले होते आणि ते पुढे जगजाहीर झाले. दहा वर्षांत दुकानांची संख्या हजाराच्या आतून १३ हजारांवर नेताना एकेक सोयीचा निर्णय घेतला गेला आणि त्या सोयींची बेरीज मूळ अनुभवाच्या मुळावर आली, असा त्याचा आशय होता. वेग वाढावा म्हणून आपोआप चालणारी यंत्रे बसवली. ती इतकी उंच होती, की कॉफी करणारा हात ग्राहकाला दिसेनासा झाला. बी ताजे राहावे म्हणून ते हवाबंद पिशव्यांत आणले, तर दुकानातला कॉफीचा दरवळच नाहीसा झाला. त्याच सुमारास ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने घेतलेल्या चाचणीत ‘मॅकडोनाल्ड्स’ची साधी कॉफी ‘स्टारबक्स’हून सरस ठरली. कॉफीच्या नावावर साम्राज्य उभारणाऱ्याला बर्गरवाल्याने कॉफीतच मात द्यावी, यापरती नामुष्की कोणती?

जानेवारी २००८ मध्ये शुल्ट्झ यांनी कंपनीची सूत्रे पुन्हा हाती घेतली आणि २६ फेब्रुवारीला सायंकाळी अमेरिकेतील सुमारे ७१०० दुकाने एकाच वेळी बंद केली. सुमारे साडेतीन तास तेथे एकच काम चालले. कर्मचाऱ्यांना एस्प्रेसो कसा उतरवावा आणि दूध कसे तापवावे, हे पुन्हा शिकवण्यात आले. त्या सायंकाळच्या विक्रीवर कंपनीने पाणी सोडले. त्याच वर्षी जुलैमध्ये ६०० दुकाने बंद करण्याचा निर्णयही तिला जाहीर करावा लागला. फुगलेल्या विस्ताराची ती किंमत होती.

या प्रसंगातील प्रामाणिकपणाला दाद द्यावी लागेल. आपली कॉफी बिघडली आहे, हे जगासमोर मान्य करून दारे बंद करणे सोपे नसते. तथापि त्यातून मिळणारा धडा अधिक महत्त्वाचा आहे. ज्यांच्याकडे जगातील उत्तम यंत्रे आणि जाडजूड नियमपुस्तिका होत्या, त्यांना अखेरीस शरण जावे लागले ते माणसाच्या शिक्षणाला.

हातांची किंमत

आपल्याकडील साखळ्यांत काउंटरमागे उभी असलेली मुले कोण असतात? बहुतेक विशी-बाविशीतली, शिक्षण अर्धे झालेली किंवा शिकता शिकता कमावणारी, कित्येकदा जिल्ह्याच्या ठिकाणाहून पुण्या-मुंबईत आलेली. थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर त्यांना उभे केले जाते. तीच मुले कॉफी करतात, तीच बिल करतात, तीच टेबले पुसतात आणि घरपोच मागवणाऱ्यांच्या पिशव्याही तीच बांधतात. शनिवारी संध्याकाळी समोर रांग आणि बाजूला मोबाइलवरच्या मागण्यांची माळ असताना २५ सेकंद कोण मोजणार? या नोकरीत भविष्य नाही, हे कळले की मुलगा वर्षभरात दुसरीकडे जातो आणि त्याच्याबरोबर त्याच्या हाताला आलेली चवही जाते. त्याच्या जागी नवा मुलगा, नवे प्रशिक्षण आणि नव्या चुका. कॉफी बिघडली की ग्राहकाचा राग या मुलांवर निघतो, ही आणखी एक विसंगती. दोष त्यांचा नसतो. माणूस टिकवण्यापेक्षा माणूस बदलणे स्वस्त, असे गणित मांडणाऱ्यांचा तो दोष असतो.

हे गणित अपरिहार्य नाही, याची साक्ष भारतातच आहे. कॉफीच्या प्रचारासाठी इंग्रजी अमदानीत ‘इंडिया कॉफी हाउस’ सुरू झाली. पुढे कॉफी बोर्डाने ती बंद करण्याचा घाट घातला, तेव्हा तेथील कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७ साली सहकारी संस्था स्थापून ती चालवायला घेतली. गोपालन साम्यवादी होते आणि त्यांच्या विचारसरणीशी या पानांचे वाचक सहमत होणार नाहीत. तरीही कॉफी वाढणारा कामगारच दुकानाचा मालक झाला, ही घटना राजकीय मतभेदांपलीकडे जाऊन पाहण्याजोगी आहे. तुरेबाज फेटा बांधून वर्षानुवर्षे त्याच टेबलांमध्ये वावरणारा वाढपी ही त्या कॉफी हाउसची ओळख होती.

त्याहून बोलके उदाहरण मुंबईच्या गिरगावातले आहे. १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ उभा राहिला आणि आज ४० हजारांहून अधिक भगिनी त्यात आहेत. येथे सातत्याचा प्रश्न कॉफीच्या दुकानापेक्षा कठीण आहे. कारण पापड कारखान्यात नव्हे, तर हजारो घरांत, हजारो हातांनी लाटला जातो. तरीही पुड्यावर नाव पाहिले की चवीविषयी शंका येत नाही. हे कसे साधले? पीठ शाखेत एका प्रमाणाने मळले जाते आणि भगिनींना वाटले जाते. त्या ते घरी लाटतात आणि वाळवलेले पापड परत आणतात. तेथे पापडाची तपासणी होते आणि मगच वणाई मिळते. मुख्य म्हणजे लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक असते. पापड बिघडला तर तो ‘कंपनीचा’ बिघडत नाही, तिचा स्वतःचा बिघडतो. संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात शिकवावे असे हे उदाहरण एका चाळीच्या गच्चीवर जन्माला आले.

‘शाखा’ हा शब्द या साप्ताहिकाच्या वाचकांना नवा नाही. हजारो ठिकाणी एकाच पद्धतीने काम चालवणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. १९२५ साली नागपुरात सुरू झालेल्या संघकार्याने ते वर्ग आणि प्रवास या दोन साध्या मार्गांनी साधले. वर्गात कार्यकर्ता घडतो. घडलेले टिकले आहे की नाही, हे ज्येष्ठ कार्यकर्ता गावोगावी प्रवास करून, प्रत्यक्ष भेटून पाहतो. परिपत्रकाने शाखा चालत नाही. कॉफीच्या दुकानाच्या शाखाही परिपत्रकाने चालत नाहीत. फरक इतकाच, की तेथे येणारा अधिकारी बहुधा विक्रीचे आकडे तपासतो, कप हातात घेऊन घोट घेत नाही.

प्रश्न पूर्व-पश्चिमेचा नाही

परदेशी साखळी म्हणजे वाईट आणि देशी हॉटेल म्हणजे चांगले, अशी सोपी वाटणी करून चालणार नाही. साखळ्यांपैकी कित्येक अस्सल भारतीय आहेत आणि चवीतील लहर त्यांनाही चुकलेली नाही. उडुप्याच्या हॉटेलातही दुपारनंतर तीच पूड पुन्हा वापरून उतरवलेले डिकॉक्शन खपवले जातेच. चिकोरीमिश्रित कॉफीत किमान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे आणि मिश्रणाचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे, असा नियम आहे. परंतु हॉटेलच्या पेल्यावर पाकीट नसते.

उलट, ज्या इटलीची नावे या दुकानांच्या फलकांवर झळकतात, त्या इटलीत कॉफी हा साखळ्यांचा खेळ कधीच नव्हता. गल्लीगल्लीतील छोट्या ‘बार’मध्ये उभ्या उभ्या घेतलेला एक-सव्वा युरोचा एस्प्रेसो ही तेथील रीत. १९९८ साली तेथे स्थापन झालेल्या एका संस्थेने पूड सात ग्रॅम, अर्क उतरण्याचा वेळ २५ सेकंद, असे एस्प्रेसोचे बारीकसारीक मापदंड ठरवले. तरी ते अमलात आणतो तो त्याच बारमागे वर्षानुवर्षे उभा असलेला कारागीर. ‘स्टारबक्स’ला इटलीत पहिले दुकान उघडण्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले. स्वतःच्या चवीवर विश्वास असलेला समाज कोणत्याही नावापुढे चटकन मान तुकवत नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि इटलीच्या एस्प्रेसोत असते काय? भारतीय कॉफीच्या मोठ्या ग्राहकांमध्ये इटलीची गणना होते. कर्नाटकातील कोडगू, चिकमगळूर आणि केरळातील वायनाड येथील रोबस्टा तेथील मिश्रणांत दाटपणासाठी मिसळला जातो. २०१९ साली कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अरकू खोऱ्यातील अरेबिकाला व वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळाले. अरकू खोऱ्यातील कॉफी तर वनवासी बांधव पिकवतात. देशाच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा निर्यात होतो. ज्या मळेवाल्याने सावलीच्या झाडांखाली तीन-चार वर्षे रोप वाढवून, एकेक लाल फळ हाताने खुडून हे बी सिद्ध केले, त्याच्या कष्टांची माती शेवटच्या २५ सेकंदांत व्हावी, यासारखे दुर्दैव नाही. बिघडलेल्या कपात केवळ ग्राहकाचे पैसे वाया जात नाहीत, शेतकऱ्याचे वर्षही वाया जाते.

मुकी जीभ

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. उडुप्याला दटावणारा गृहस्थ मॉलमध्ये मुका का होतो? त्याला तेथील शब्द परके वाटतात. लॅटे आणि कॅपुचिनो यांतील भेद विचारला तर आपण गावंढळ ठरू, ही भीती त्याच्या मनात असते. शेजारी महाविद्यालयीन मुले सराईतपणे मागणी नोंदवत असतात. अशा वेळी वाईट कॉफी परत करणे म्हणजे आपल्यालाच ती कळत नाही अशी कबुली देणे, असे त्याला वाटू लागते. परकी वस्तू आवडली नाही तर दोष आपल्या रुचीत आहे, असे मानण्याची ही सवय इंग्रज गेल्यानंतरही गेलेली नाही. वस्तुतः ज्या घरात पितळी फिल्टरमधून उतरलेली किंवा जायफळ-वेलची घालून उकळलेली कॉफी वर्षानुवर्षे प्यायली गेली, त्या घरातील जिभेला जळके आणि पांचट ओळखण्यासाठी इटालियन भाषा शिकावी लागत नाही.

स्वदेशीचा अर्थ केवळ देशी माल घेणे असा नाही. वस्तू कोठलीही असो, तिचा निवाडा स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या रसनेने करणे, हाही स्वदेशीचाच भाग आहे. पुढची पिढी या दुकानांत जाणारच. तिथे जाऊ नका, असे मुलांना सांगून उपयोग नाही. डोळे मिटून पिऊ नका, एवढे मात्र वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या वागण्यातून शिकवायला हवे. बापाने वाईट कप शांतपणे, हसतमुखाने परत केला, तर मुलाला जो धडा मिळेल तो दहा उपदेशांनी मिळणार नाही.

करायचे काय?

साखळ्यांनी करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी पहिला कप तेथील प्रमुखाने स्वतः चाखावा. बिघडलेला कप न विचारता ओतून देण्याचा अधिकार काउंटरमागच्या मुलाला असावा आणि त्याचा हिशेब त्याच्या पगारातून होऊ नये. भाजल्याची तारीख ग्राहकाला दिसेल अशी लावावी. कपात अंदाजे किती कॅफिन आहे, हे फलकावर लिहावे. दुसरे वर्ष पूर्ण करणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिल्या वर्षापेक्षा ठळकपणे अधिक मिळावे, म्हणजे हाताची चव दुकानात टिकेल. आणि जितकी माणसे घडली असतील तितक्याच शाखा काढाव्यात.

ग्राहकाच्या बाजूने पाहता, कायदा त्याच्या पाठीशी आहेच. सेवेतील त्रुटीची दखल १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली होती, २०१९ च्या कायद्यानेही घेतली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही उपलब्ध आहे. परंतु कोमट कॉफीसाठी कोणी आयोगाची पायरी चढणार नाही, आणि चढूही नये. येथे कायद्यापेक्षा सवय अधिक उपयोगी आहे. कप वाईट असेल तर अर्धा संपवण्यापूर्वी सांगावे, मुलावर आवाज चढवू नये, बदलून मागावा आणि न बदलल्यास लेखी नोंद करावी. शंभर ग्राहकांनी शंभर कप परत केले, तर मुख्यालयातील आकड्यांचा तक्ता आपोआप बोलू लागेल.

या कामात महाराष्ट्राला परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा ‘ग्राहकराजा’ हा शब्द थट्टेचाच होता. दुकानदार देईल ते मुकाट घ्यावे, अशी रीत होती. त्या चळवळीने सामान्य गृहिणीला तराजूकडे, वजनाकडे आणि वेष्टनावरच्या तारखेकडे बघायला शिकवले. बारा वर्षांनी देशाला ग्राहक संरक्षणाचा कायदा मिळाला, त्यामागे अशा असंख्य गृहिणींची चिकित्सक नजर होती. मापातले पाप पकडायला आपला समाज तेव्हा शिकला. चमकदार नावाआड लपलेले चवीतले पाप पकडणे त्यामानाने सोपे आहे. त्यासाठी तराजूही लागत नाही, पहिला घोट पुरेसा असतो.